खोट्या माणसांनी अडवलेली लाईन

सकाळपासून अण्णांच्या छातीत जळजळत होतं, आणि अण्णा म्हणजे असे गृहस्थ की पाय मोडला तरी "जरा मुरगळलाय" म्हणतील. म्हणून घरातून निघताना लेकीने त्यांना दटावलं होतं, "दुखणं वाढलं तर माझी वाट बघत बसू नका. सरळ ॲम्ब्युलन्सच्या नंबरवर फोन करा." तो नंबर चालवणाऱ्या ऑफिसातच नोकरी असल्यामुळे सांगताना आवाजात जरा तोराही होता.

तिचं काम खोटी माणसं बनवायचं. म्हणजे कॉम्प्युटरला स्क्रिप्ट लिहून द्यायची: फोन लाव, वाट बघ, न बोलताच पत्ता पाठव, फोन ठेव. स्क्रिप्ट सुरू केली की अशी शेकडो माणसं अजून सुरू न झालेल्या नव्या टेलिफोन एक्स्चेंजवर तुटून पडत आणि ते कुठे दमतं ते कळे. आज दुपारी तिने ती सुरू केली, चहाचा कप उचलला, आणि पलीकडच्या खोलीतून ऑपरेटरबाई म्हणाल्या, "अगं, सगळ्या लाईनी भरल्यात आणि फोन करणाऱ्यांतला एकही जण बोलत नाहीये."

कप ठेवून तिने फाइल उघडली. काल तिने चालू, म्हणजे खऱ्या पेशंटांचे फोन येतात त्या एक्स्चेंजवर एकच कॉल करून पाहिला होता. तीच फाइल तिने आज वापरली आणि त्यातला एक्स्चेंजचा पत्ता बदलायचा राहून गेला. सगळी फौज चालू एक्स्चेंजवर जाऊन बसली होती.

घाबरून तिने स्क्रिप्टच मारून टाकली. खरी माती तिथे खाल्ली. फोन ठेवायचं कामही स्क्रिप्टचंच होतं. आता ठेवणार कोण? एक्स्चेंज बिचारं समजत होतं की माणसं अजून लाईनवर ताटकळलीत.

"एक्स्चेंज बंद करून चालू करू?" तिने विचारलं.

"दोन लाईनींवर रस्त्यावरचे ॲम्ब्युलन्सवाले बोलतायत, त्यांचे कॉल तुटतील," शेजारचा म्हातारा इंजिनिअर म्हणाला. त्याला सगळे गुरुजी म्हणत. "एकेका कॉलची ओळख काढ आणि त्याच्याच नावाने फोन ठेवल्याचा निरोप एक्स्चेंजला पाठव. रडायचं ते नंतर."

मोबाइल खांद्याने कानाशी दाबून ती टाइप करू लागली. घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. बोटं भलतीच अक्षरं दाबत होती. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

शेवटी निरोप गेले. लाईनी सुटू लागल्या. पलीकडे ऑपरेटरबाईंचं "बोला, कुठून बोलताय?" सुरू झालं, आणि प्रत्येक वेळी ती कान टवकारून बसली. अण्णांचा पत्ता काही बाईंच्या तोंडून आला नाही.

तिने परत घरी फोन लावला. या वेळी उचलला गेला.

"अण्णा, होतात कुठे?"

"पडलो होतो गं जरा." त्यांना धाप लागत होती. "मघाशी लावला होता तुझ्या नंबरवर. फार गर्दी होती. म्हटलं, आपल्याहून अडलेली माणसं असतील, त्यांची लाईन कशाला अडवा. ठेवून दिला."

त्या गर्दीत माणूस असा नव्हताच, हे सांगायला तिला तोंड नव्हतं. ती धावत पलीकडच्या खोलीत गेली आणि ऑपरेटरबाईंना स्वतःच्याच घराचा पत्ता सांगू लागली. एरवी झोपेत सांगितला असता तो पत्ता आता अडखळत येत होता.

"पेशंट कोण तुमचे?" बाईंनी सवयीने विचारलं.

"वडील."

"तू कामात दिसतेस," कानाशी अण्णा म्हणाले. "ठेवतो मी."

"नका ठेवू, अण्णा," ती म्हणाली. "काहीही बोला, पण फोन ठेवू नका."