कुच्चिदाती, साठ नग

दोन किलो सुके अंजीर.

निदाचा रोजा.

ओव्हनच्या वर सेंट जोसेफची तसबीर, काचेवर पिठाची बोटं.

मालकीण अगाता मॅडमची जीभ. तापानंतर चव गेली, ती गेलीच.

मिठाचा डबा.

आखातातल्या झिंज भागातल्या त्या चिमुकल्या बेकरीत साडेचार वाजता हे सगळं दत्तारामच्या अंगावर एकदम आलं. डबा हातात घेतला तर हलका. काल रात्री तर काठोकाठ होता! शेजारचा बारीक साखरेचा डबाही तसाच, स्टीलचा. पहाटे साखर घालताना झोपेत हात कुठल्या डब्यात गेला असेल?

ट्रेमध्ये साठ कुच्चिदाती निवत होत्या. आत अंजीर, बदाम, संत्र्याची साल. कडा करंजीसारख्या कातणीने कापलेल्या. आज सेंट जोसेफचा सण. पाच वाजता मॅडमच्या गावची सिसिलियन मंडळी यायची होती. मॅडमनी आठवडाभर आधीच सांगितलं होतं, "दत्ता, ट्रे पास, तो किचन तुम्हारा. नहीं तो खलास, मैं घर जाती." म्हणजे बेकरी बंद, व्हिसा बंद, दत्ताराम मालवणात.

एक तुकडा मोडून चाखला की झालं. एरवी तो चाखायचाच. पण हा देवाचा ट्रे. त्याची आई, काशीबाई, चुलीपुढून ओरडायची, "देवाक दाखवल्याशिवाय तोंडाक लावलंस, तर थोतरीत बसात!" आई मालवणात होती, तरी गाल चुरचुरला.

मदतनीस निदाला विचारावं? ती दोनलाच घरी गेली होती. रमझानची शिफ्ट. फोन बंद, इफ्तारपर्यंत झोपणार.

बाहेर गाडीचं दार आपटलं. मग आणखी एक.

"दत्ता! टेस्ट किया ना?" मॅडम दारात. काळा झगा, मोत्यांचे डूल.

हो म्हणावं. एकच तर अक्षर.

"नहीं, मॅडम. देव के पहले कैसे खाऊँ?"

 आता मॅडम, की मालवणातली आईच, हात उगारणार, असं त्याला वाटलं. मॅडमनी ट्रेमधून एक कुच्चिदाती उचलली, तसबिरीपुढे ठेवली, क्रुसाची खूण केली. मग दुसरी त्याच्यापुढे धरली.

"अब उसने खाया. यल्ला, तुम."

बाहेर हसणं, पावलं, बेल. दत्तारामने डोळे मिटले आणि दात रोवले.

सकाळी सात वाजता निदाने तांब्याची कढई घासायला डब्यातलं निम्मं मीठ घेतलं होतं.