हिरवी खाचेत बसेना

हिरवी तिच्या खाचेत बसली नव्हती. लिओनीने पुन्हा वाकून पाहिलं. कवचाखाली चांगली नखभर फट होती.

लिंपेट म्हणजे उलट्या वाटीसारखी, खडकाला चिकटून राहणारी गोगलगाय. भरतीला चरायला जाते आणि आपल्याच खाचेत परत येते. कवचाची कड त्या खाचेशी अशी जुळलेली असते की ओहोटीत अंगातलं पाणी बाहेर जात नाही. उन्हाच्या तडाख्यात हृदय कसं तग धरतं हे समजून घ्यायला सागरी संशोधन केंद्राने अशा लिंपेट टाकीत पाळल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर नेलपॉलिशचा वेगळ्या रंगाचा ठिपका, त्यावरूनच नाव, आणि ठोके मोजणारी एक बारीक वायर. हिरवीचं हृदय हल्ली जराशा उष्णतेतही अडखळत होतं.

लिओनीच्या मनात पाल चुकचुकली. ही हिरवी नव्हेच. खरी मेली असणार, आणि टाकी सांभाळणाऱ्या तिच्या सहकारी नायरीने समुद्रावरून दुसरी आणून रंगवली असणार.

एरवी ही साधी लबाडी ठरली असती. पण समुद्र सध्या बंद होता. नायरीचा मामेभाऊ राविरी बुडाला, तेव्हा तिच्या मामांनीच किनाऱ्यावर राहुई, म्हणजे शोकाची बंदी, घातली होती. ती उठेपर्यंत पाण्यातलं काही उचलायचं नाही, मासा नाही की शिंपला नाही. नायरीने ती मोडली असेल तर आपल्या माणसांत तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"काय गं, डोळ्यांनीच उकडणार आहेस का तिला?" स्कोन खात खात नायरी आत आली.

"रंग नवा दिसतोय."

"नवाच आहे. शुक्रवारी तू टाकी घासलीस, निम्मे ठिपके गेले. तुझ्या हाती ब्रश आला की माझ्या नखांचाही रंग राहायचा नाही!"

उत्तर कसं तयारच होतं, लिओनीला वाटलं. चहाच्या वेळी तिने संचालकांना, अ‍ॅलिस्टरला, गाठलं. "माझं नाव मात्र नको," एवढं म्हणायला ती विसरली नाही.

जेवण झाल्यावर अ‍ॅलिस्टर टाकीपाशी आला.

"नायरी, ही बाहेरून आणलीस का?"

"बाहेर राहुई आहे."

"म्हणूनच विचारतोय."

नायरीचं हसू मावळलं. तिने टाकीकडे पाठ फिरवली. तेही लिओनीला खुपलं.

"मी दाखवते ना, हिची कड या खाचेशी जुळतच नाही," म्हणत लिओनीने पातळ पात्याने हिरवीला अलगद सुटी केली. वायर सोडवायला दोन्ही हात लागणार म्हणून तिला शेजारच्या रिकाम्या दगडावर टेकवलं. हिरवी जरा चाचपडली, थोडी वळली आणि तिथल्या खाचेत खाली बसली. लिओनीने कडेला नख लावून पाहिलं. नख शिरेना.

तिचे हात तिथेच थांबले.

शुक्रवारी सगळ्या लिंपेट काचेवर चरायला चढल्या होत्या. तेवढ्यात तिने काच घासली आणि दगडही बाहेर काढून लख्ख घासले होते. घरची वाट दाखवणारा चिकट मागही धुतला गेला. मग दगड हाताला आले तसे परत मांडले. बिचारी हिरवी परतली ती परक्या दारात. पाणी राहीना, मग हृदय तरी काय करणार?

"दगड मी हलवले," लिओनी म्हणाली. "हिने काहीही आणलेलं नाही."

"चला, मिटलं!" अ‍ॅलिस्टरने सुस्कारा सोडला. "तिच्या मामांना मी मघाशीच कळवलं होतं, आता परत फोन करतो."

"मामांना?" नायरीचा आवाज चिरकला. मग तिने लिओनीकडे पाहिलं. "ह्याच्या कानात कोणी घातलं?"

"मी."

"मेलेली लपवली म्हणाली असतीस तर दोन शिव्या घातल्या असत्या नि विसरले असते. राविरीची राहुई मोडली म्हणालीस? मी?"

लिओनीने हातातलं पातं खाली ठेवलं.

"फोन नको," नायरी अ‍ॅलिस्टरला म्हणाली. "हीच येईल. मामांच्या समोर बसून सांगेल."

लिओनीने गाडी काढली आणि शेजारचं दार उघडलं. नायरी मागच्या सीटवर जाऊन बसली.