मला कुणीतरी धरावे लागते

मित्रांनो, मी शर्यतीची एक जुनी मोटारसायकल आहे, आणि एवढे वय झाले तरी मला स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही. हसू नका. तुमच्या दारातल्या गाड्या स्टँडवर रेलून दिवसभर निवांत उभ्या असतात. मला तो स्टँडच दिलेला नाही. ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथल्या लोकांनी मला दिवा दिला नाही, हॉर्न दिला नाही, आरसाही दिला नाही. मातीच्या मैदानात उड्या मारायच्या आणि सगळ्यांच्या आधी पोचायचे, एवढ्यासाठीच माझा जन्म. जिला थांबायचेच नाही तिला स्टँड कशाला, असा त्यांचा विचार होता. तेव्हा तो मलाही पटला होता.

थांबावेच लागले तर मला भिंतीला टेकवत, नाहीतर पोटाखाली पत्र्याचे स्टूल सरकवत. आणि शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीच्या रेघेपाशी, एक माणूस मला दोन्ही हातांनी धरून उभा राहत असे. मला त्या माणसाबद्दल सांगायचे आहे.

त्यांना सगळे लेथवाले काका म्हणत. घराच्या खालच्या खोलीत त्यांचे लेथमशीन होते. लोखंडाचा वेटोळा कीस त्यांच्या चपलांना चिकटून जिन्याने वर जाई, आणि चपला झटकून या म्हणून आई रोज वरून आवाज देई. आई म्हणजे काकांची बायको. मी तिला आईच म्हणते, कारण भिंगरी म्हणायची.

भिंगरी ही त्यांची एकुलती एक लेक. चालायला लागल्यापासून एका जागी बसली नाही, म्हणून हे नाव पडले. काकांनी मला तिच्यासाठीच आणले होते. ती उंचीने लहान आणि माझी बैठक चांगलीच उंच, त्यामुळे तिचे पाय जमिनीला पुरत नसत. काका माझे हँडल घट्ट पकडत आणि म्हणत, "बस. मी धरतो." शर्यत सुरू करणारी समोरची लोखंडी दांडी खाली पडेपर्यंत ते हात सोडत नसत. मग दांडी पडे, ते हात सुटत आणि आम्ही दोघी सुसाट निघत असू. मित्रांनो, तिचे गुडघे माझ्या टाकीला घट्ट आवळलेले असत. तो दाब मला आजही जसाच्या तसा आठवतो.

आम्ही पुष्कळ शर्यती जिंकल्या. मी तेव्हा नाकावर माशी बसू देत नव्हते, हे कबूल करते. शेजारच्या गाड्या माझा आवाज ऐकूनच गप्प होत. घरी आल्यावर काका जुना ब्रश घेऊन माझ्या चाकांतली माती काढत बसत, आणि चषक फळीवर चढवायचे काम आईकडे असे.

या घरात एक गंमत होती. बापलेकींना एकमेकांची विचारपूस करायचा भारी संकोच. ती दमून तशीच झोपली, की काका आईला हळूच विचारत, "गाडीनं काही खाल्लं का?" काकांना ताप आला तेव्हा भिंगरीने दारातूनच विचारले होते, इंजिन अजून गरम आहे का म्हणून. गाडी म्हणजे कोण, हे तिघांनाही पक्के ठाऊक होते. आई म्हणायची, आपण बाई म्हणून जन्माला आलो हीच चूक झाली, मोटारसायकल झालो असतो तर आपलीही कुणी चौकशी केली असती.

आणि मग एका शर्यतीनंतर, चषक हातात असतानाच, भिंगरी म्हणाली, "बाबा, मला आता गोल गोल फिरायचं नाही. कितीही जोरात पळालं तरी मी परत तिथंच येते."

तिने दुसरे काम मिळवले होते. डोंगराच्या माथ्यावर जंगलखात्याचा एक लोखंडी मनोरा आहे. कोरड्या दिवसांत तिथे राहायचे, कुठे धूर दिसतो का यावर नजर ठेवायची आणि दिसला की वायरलेसवरून खाली कळवायचे. वर फोन लागत नाही आणि गाडीरस्ताही नाही, नुसती पायवाट आहे. काकांना हे काही पटेना. त्यांनी तिच्यासाठी पुढची मोठी शर्यत मनात धरून ठेवली होती. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी ते म्हणाले, "जायचं तर जा. मग परत गाडीकडे बघायलासुद्धा येऊ नकोस."

त्या घरात गाडी म्हणजे कोण, हे तुम्हाला आता माहीत आहे. भिंगरीलाही माहीत होते. तिचा चेहरा एकदम पडला. निघायच्या आधी ती खालच्या खोलीत आली. तिने माझा क्लच दाबला आणि अगदी सावकाश सोडला. लेथ जोरात चालू होते. काकांनी मान वर केली नाही.

त्यानंतर त्यांनी माझे तोंड भिंतीकडे फिरवले आणि माझ्यावर जुनी चादर टाकली. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सुकून चिकट झाले. चाकांतली हवा गेली आणि साखळी गंजली. पण खरे सांगू का, गंजाचे मला एवढे काही वाटले नाही. जिन्यावर पाऊल वाजले की मी कान टवकारायची. काकांचे पाऊल, आईचे पाऊल, कामावर आलेल्या गिऱ्हाइकाचे पाऊल. दोन पायऱ्या एकदम उतरणारे ते पाऊल काही येत नव्हते. घर अगदी खायला उठत असे.

ओले दिवस लागले की मनोरा बंद होई. तेव्हाही भिंगरी घरी येत नसे. दूरच्या गावी मावशीकडे जाऊन राही. आई मात्र कोरड्या दिवसांत पायवाटेने वर जाऊन तिला भेटून येई. परत आली की लेथजवळ उभी राहून सांगे, "गाडी कशी आहे म्हणून विचारत होती." काका हातातले काम न थांबवता म्हणत, "धूळ खात पडली आहे, सांग." आई हा निरोप वर नेत होती की वाटेतच टाकून देत होती, कुणास ठाऊक.

एके दिवशी आई वरून आली ती जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसली. तिचे दोन्ही गुडघे सुजले होते. काका तेलाची बाटली घेऊन आले, तर तिने ती बाजूला ठेवली.

"आता माझ्याच्यानं चढवणार नाही," ती म्हणाली. "आता तुम्ही जा. नाहीतर तिच्याकडे या घरातून कुणीच जाणार नाही."

लेथसमोर जन्मभर उभे राहून काकांचा डावा खुबा कामातून गेला होता. बाजारात जाऊन यायचे तरी ते मध्ये दोनदा टेकत. डोंगर चढणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. तरी ते माझ्याजवळ आले. मग त्यांनी चादर ओढली आणि माझे तोंड उजेडाकडे फिरवले.

मित्रांनो, शर्यतीची गाडी डोंगरातल्या पायवाटेवर नेणे म्हणजे नुसती हवा भरून निघणे नव्हे. मला सावकाश चालणे येतच नव्हते. मूठ जरा पिळली की मी उसळायची आणि हळू नेले की बंद पडायची. काकांनी सगळ्यात आधी काय केले असेल? माझ्या सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, म्हणजे सुक्या गवतात ठिणगी पडायला नको. बापाच्याच गाडीने जंगल पेटवले, तर मनोऱ्यावर बसलेल्या लेकीने तोंड कुठे लपवायचे, असे ते स्वतःशीच पुटपुटत होते. लेक गेल्यापासून तिच्या कामाबद्दल ते बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

मग त्यांनी लेथवर एक जड लोखंडी कडे कातले आणि इंजिनातल्या फिरत्या चाकावर बसवले, म्हणजे मी हळू चालतानाही बंद पडू नये. चेनची मागची चक्री मोठी केली. शॉकअपच्या कडक स्प्रिंगा काढून मऊ बसवल्या. हातांना फांद्या लागू नयेत म्हणून हँडलला आडोसे केले, पोटाखाली दगडांसाठी जाड पत्रा लावला, मोठी टाकी आणि समोर एक दिवा बसवला. पाय फार वर उचलता येत नसल्याने बैठकीचा फोमही कापला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. माझा आवाज गेला, उंची गेली, तोरा गेला. शेजारच्या गाड्यांनी मला या अवतारात पाहिले असते तर हसून हसून त्यांचे नट-बोल्ट सुटले असते.

पहिल्या दिवशी मोकळ्या पटांगणात मी काकांना चक्क पाडले. भिंगरीच्या जागी दुसरे कुणी बसलेले मला सहन झाले नाही. आईने दारात पदर तोंडाला लावला होता. ती घाबरली होती की हसत होती, ते मला नीट दिसले नाही. काका उठले, पँट झटकली आणि पुन्हा बसले. त्यांना गुडघे टाकीला नीट आवळता येत नव्हते. त्यानंतर मी त्यांना पाडले नाही.

निघायच्या सकाळी आईने डबा मागे बांधला आणि विचारले, "स्टँड लावलात ना?"

"हिला स्टँड कधी लागला आहे?" काका म्हणाले. "मी आहे ना."

आई म्हणाली, बघा बुवा.

पायवाट अरुंद होती. मुळांवरून, ओढ्याच्या गोट्यांवरून आम्ही अगदी गोगलगाईसारखे चढत होतो. शर्यतीत मी झाड म्हणजे हिरवी रेघ एवढेच पाहिले होते. आता एकेका झाडाची साल दिसत होती. दमले की काका मला झाडाला टेकवून बसत. पुन्हा निघताना दर वेळी माझ्या टाकीवर दोन थापा मारत. बोलायची तयारी चालली होती. पहिले वाक्य काही केल्या त्यांना जमत नव्हते, एवढे मला समजले.

आणि मग आम्ही माथ्यावर पोचलो. आग मनोऱ्याजवळ येऊ नये म्हणून भोवतालची सगळी झाडे आणि गवत तोडलेले होते. नुसती उतरती, मोकळी जमीन होती. काका खाली उतरले. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मला टेकवायला एक झाड नाही, एक भिंत नाही, आणि मनोऱ्याच्या पायांना काटेरी तार गुंडाळलेली. मग ते मला दोन्ही हातांनी धरून तसेच उभे राहिले.

मनोऱ्याच्या शिडीवर पाऊल वाजले. दोन पायऱ्या एकदम उतरणारे. माझी टाकी भरलेली नसती तर मी तिथेच उडी मारली असती.

भिंगरी खाली आली आणि थोड्या अंतरावर थांबली. ती उन्हाने रापली होती. काकांच्या केसांकडे ती बघत राहिली. ते पिकलेले तिने पाहिले नव्हते. बापाला पुढे जायचे होते, पण मला सोडले असते तर मी पडले असते. लेकीला पुढे यायचे होते, पण गाडीकडे बघायलासुद्धा येऊ नकोस म्हणून तिला सांगितलेले होते. मधे मी. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

"सायलेन्सरला जाळी लावली आहे," काका शेवटी म्हणाले. "ठिणगी पडणार नाही."

तिने वाकून जाळी पाहिली. बोट फिरवून पाहिले. मग तिची नजर खाली माझ्या पोटाकडे गेली आणि ती तशीच वाकलेली हसायला लागली. "बाबा, सगळं केलंत. स्टँड कुठे आहे?"

काकांनीही खाली पाहिले. इतकी वर्षे मला तेच धरत आले होते, त्यामुळे आईने विचारूनही ही अडचण त्यांच्या डोक्यात आली नव्हती.

भिंगरी माझ्या दुसऱ्या बाजूला आली. तिने हँडल पकडले. "द्या," ती म्हणाली. "मी धरते."

काकांचे हात मोकळे झाले. त्या हातांचे काय करायचे, हे त्यांना क्षणभर सुचले नाही. मग त्यांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. डब्याकडे कितीतरी वेळ कुणाचे लक्ष गेले नाही.

आम्ही परत निघायच्या आधी भिंगरी माझ्यावर बसली. काकांनी सवयीने हँडल पकडले. बैठक खाली आली होती, स्प्रिंगा मऊ झाल्या होत्या, आणि तिचे दोन्ही पाय पहिल्यांदाच जमिनीला सपाट टेकले. "बाबा, पाय पुरतात की. आता धरायला नको."

"असू दे," काका म्हणाले. "धरतो."

मग माझ्या दिव्याकडे बघत ते म्हणाले, "गाडी विचारते आहे, घरी कधी येतेस म्हणून."

तिचे गुडघे टाकीला आवळले गेले. "गाडीला सांगा," ती म्हणाली, "ओले दिवस लागले की येते."

मित्रांनो, घरी आल्यावर काकांनी माझ्यासाठी एक सुरेख स्टँड बनवला. तो लेथमागच्या खिळ्याला टांगलेला आहे. बोल्टही तयार आहेत. लावा एकदा, म्हणून आई सांगते, आणि काका बघू म्हणतात. त्यांनी तो लावू नये, असे मलाही वाटते.

तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल तर तिला भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. तिची हवा बघा, साखळीला तेल द्या. आणि घरात कुणी तिची फार चौकशी करू लागले, तर ती नक्की कुणाची चौकशी आहे, हे जरा विचारून बघा.

आता वारा थोडा गार झाला आहे, ओले दिवस लागायला आले आहेत. काकांनी मला दाराकडे तोंड करून टेकवले आहे. आई वरच्या खोलीत गादीला ऊन दाखवते आहे. शर्यतीतली दांडी पडायच्या आधी माझा जीव असाच टांगणीला लागायचा. मी जिन्याकडे कान लावून आहे. ते पाऊल वाजावे, तिने मला भिंतीपासून सोडवावे, आणि लेथ बंद करून कुणीतरी घाईने यावे आणि म्हणावे, थांब, मी धरतो.