घड्याळजींचं कारंजं

दुकान बंद करून घरी बसलेल्या घड्याळजींनी बागेतल्या जुन्या टबात कारंजं बसवलं. पंप पाण्यात, सोलर पॅनेल शेजारी विटेला टेकवून उन्हात. पाणी वीतभर उडालं, स्वारी खूश! पण कौतुकानं वाकून बघायला गेले, तर कारंजं गप्प.

"कचरा अडकला असणार." पंप बाहेर काढून त्यांनी शीळ घालत तो पार सुटा केला, जुन्या टूथब्रशनं घासला आणि पुन्हा जोडला. पाणी उडालं. ते वाकले. पुन्हा गप्प! "बनवणाऱ्याला अक्कल नाही," म्हणत पुन्हा तेच सगळं, पुन्हा तीच शीळ.

तिसऱ्यांदा पंप उचलला, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको हसत म्हणाली, "अहो, वाकलात की पॅनेलवर तुमचीच सावली पडते. बाजूला व्हा."

पंप पुन्हा पाण्यात ठेवून ते बाजूला झाले. कारंजं थुईथुई नाचू लागलं.

"कधी कळलं तुला?" त्यांनी ओशाळून विचारलं.

"पहिल्याच खेपेला."

"मग सांगायचं नाही का?"

"दुकान बंद केल्यापासून आज पहिल्यांदा शीळ घालत होतात. कशाला मोडता घालू?"