काकांच्या निरोगी पेशी

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा ताईंचा जुना रोग. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताई म्हणत, पण जरा दबकूनच. शरीरात गाठी करणारा एक विषाणू पेशीच्या आतला सांगाडा कसा मोडतो, या एकाच प्रश्नामागे त्यांची सहा वर्षं गेली होती. सांगाडा म्हणजे हाडं नव्हेत हो! बारीक दोऱ्यांचं जाळं असतं ते. त्याच्या जोरावर पेशी अंग पसरून बसते. विषाणू ते दोरे तोडतो, मग पेशी आकसते, गोल होते आणि जागा सोडते.

या पेशी वाढवायचं काम काकांचं. सव्वीस वर्षं तेच. प्लेट उघडताना ते पुटपुटत, "चला बाळांनो, जेवून घ्या." पोरंपोरी तोंड दाबून हसायची, पण काकांच्या हातची प्लेट कधी बिघडली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी मात्र विपरीत घडलं. विषाणूवाल्या पेशींचे दोरे तुटले होते, ते ठीकच. पण निरोगी पेशींचेही तुटलेले! आता तुलना करायची ती कशाशी? शुक्रवारच्या बैठकीत ताई दहाजणांसमोर कडाडल्या.

"काका, विषाणूत बुडवलेली नळी तुम्ही निरोगी पेशींत घातलीत. हात थरथरतात, डोळ्यांना दिसत नाही, तर घरी बसावं माणसानं!"

"ताई, त्या दिवशी त्या प्लेट्स बर्फा..."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

दुसऱ्या दिवसापासून काकांना बाटल्या धुवायला लावलं आणि पेशींच्या खोलीत यायला त्यांना बंदी झाली. पुढच्याच महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते.

काकांची एक सवय होती. प्रत्येक खेप ताईंच्या हाती देण्याआधी तिच्यातल्या थोड्या पेशी ते गोठवून ठेवत. परवा ताईंनी त्या बाहेर काढल्या, कशासाठी, तर काकांची चूक पुराव्यानिशी कागदावर आणायला. तपासल्या. विषाणूचा मागमूस नाही. पुन्हा तपासल्या. धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ.

मग दोरे तुटले कशानं? ताई स्टुलावर बसून आठवत राहिल्या, आणि त्यांना त्या दिवशी आलेला फोन आठवला. थोरल्या बहिणीचा. जावयाची गाऱ्हाणी, चांगला अर्धा तास. विषाणूच्या प्लेट्स उरकून झाल्या होत्या. निरोगी प्लेट्स हातात होत्या, त्या ताईंनी शेजारच्या बर्फाच्या ट्रेवर टेकवल्या आणि बोलत बसल्या. सांगाड्यातले काही दोरे थंडीला भारी नाजूक, बर्फावर ठेवले की विरघळलेच. दरवर्षी नव्या मुलांना हे कोण शिकवतं? ताईच!

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे, पहिला विचार आला तो असा की कुणाला काय कळणार आहे? काका महिन्यात जातील, विषय संपेल. हे आपल्याच डोक्यात आलं, याची त्यांना शिसारी आली.

ताई बाटल्या धुण्याच्या खोलीपर्यंत गेल्या. काका पाठमोरे उभे होते, एक बाटली उजेडात धरून निरखत होते. एकांतात माफी मागून टाकणं सोपं होतं. पण अपमान दहाजणांत केला होता ना? ताई तशाच परत फिरल्या.

शुक्रवारच्या बैठकीला काकांना आता बोलावत नसत. ताईंनी तिथे आधी सगळं सांगून टाकलं. फोन, बर्फ, सगळं. विभागप्रमुख हसले.

"अहो ताई, होतं असं. काका आता जातायत, छानसा निरोप देऊ. झाकली मूठ राहू दे."

क्षणभर ताईंना ते गोड वाटलं, खोटं कशाला सांगा. मग त्या उठल्या आणि स्वतः जाऊन काकांना घेऊन आल्या.

काका ओले हात पुसत आले आणि दाराशीच उभे राहिले. खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

"बाटलीत काही राहिलं का, ताई? तीनतीनदा धुतो मी आता. डोळ्यांचा भरवसा नाही राहिला."

"काका," ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्या पेशी चांगल्या होत्या. प्लेट्स बर्फावर मी ठेवल्या होत्या. चूक माझी होती, तुमची नाही."

काकांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग ताईंकडे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच गोंधळले.

"असं कसं, ताई? मला बर्फ आठवत होता खरा. पण तुम्ही एवढं खात्रीनं बोललात, मला वाटलं माझाच काही घोळ झाला. घरी बायकोला, पोरीला सांगूनसुद्धा टाकलं मी, की माझ्या हातून ताईंची सहा वर्षं वाया गेली."