बिशपचा उपवास

त्या टर्कीने मला माझ्याच गाडीत कोंडून ठेवलं, त्या दिवसापासून त्याचं नि माझं कधी जमलं नाही. मी बाजारहाट करून आले, उतरायला दार उघडलं, तर हा पठ्ठ्या दाराशी ठाण मांडून उभा. शेपटीचा पंखा फुलवलेला, गळ्याखालचं लाल कातडं लोंबतंय, डोकं रागाने निळं पडलेलं. मी हॉर्न वाजवला तर त्याने मलाच उलट उत्तर दिलं. माझी सगळी हयात शाळेची बस चालवण्यात गेली. दंगेखोर पोरांना आरशातल्या नुसत्या नजरेने गप्प बसवणारी मी, कॉनी डिसिमोनी, एका पक्ष्याला घाबरून मांडीवर वितळतं आइस्क्रीम घेऊन बसले होते.

"अगं उतर सरळ!" समोरच्या घराच्या पायरीवरून मॉरीन ओरडली. हसू आवरत नव्हतं तिला. "मागे सरलीस की तो समजतो, ही आपल्या हाताखालची. पुढे चाल!"

"तूच चाल पुढे! तुझाच लाडोबा आहे!"

मॉरीन गिअरी सपाता फरफटत आली. "चला बिशप, पुरे झाला तोरा," म्हणाली, आणि तो मुकाट तिच्यामागे निघाला. हे नावही तिनेच ठेवलेलं. आमच्या चर्चला पूर्वी एक बिशप भेट द्यायचे, त्यांची छाती अशीच पुढे, मान अशीच लाल, आणि चालणं असंच सावकाश.

बॉस्टनजवळच्या आमच्या या गावात टर्कीचं कुणाला नवल नाही. थवा रस्ता ओलांडायला लागला की आम्ही गाड्या थांबवतो, शिव्या घालतो आणि वाट बघतो. पण बाकीचे टर्की येतात नि जातात. बिशप मुक्कामालाच आला होता, आणि त्याला कारण होतं लिओची गाडी.

लिओ म्हणजे मॉरीनचा नवरा. गेल्या सप्टेंबरात तो गेला, झोपेतच. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना झाली की शर्टाच्या बाह्या सरसावून तो आपली गडद निळी गाडी पुसायचा, तोंड दिसेपर्यंत. मॉरीनला गाडी चालवता येत नाही. मुलगा दूर टेक्ससात, तो फोनवर "विकून टाक" म्हणतो. तिने ना विकली, ना हलवली. उलट दर रविवारी तीच ती पुसायला लागली. गाडीच्या त्या चकचकीत दारात बिशपला एक दिवस दुसरा टर्की दिसला, तसाच फुगलेला, तसाच मुजोर. तेव्हापासून हा रोज सकाळी त्याच्याशी भांडायला हजर. भांडून दमला की मॉरीन त्याला मक्याचे दाणे टाकायची आणि पायरीवर बसून त्याच्याशी बोलायची. गुडघ्याचं दुखणं, मुलाचा फोन, सगळं त्याला सांगायची. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळा गाव टर्की भाजत होता, तेव्हा मी जेवायला गेले तर हिच्या टेबलावर डुकराचं मांस.

"तो खिडकीतून बघतोय गं," ती हळूच म्हणाली. "बरं दिसतं का?"

मी खूप चिडवलं तिला. पण खरं सांगते, लिओ गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती या पक्ष्यामुळेच, आणि म्हणून मी माझा राग गिळत आले.

मग फेब्रुवारीत बिशप पोस्टमनच्या मागे लागला. वेंडेल बिचारा गरीब माणूस, पाठीला टपालाची पिशवी. तो मागे सरत गेला, हा चढत गेला, आणि वेंडेल माझ्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून घसरून मनगटावर पडला. टपाल बंद झालं. जो तो आपापली पत्रं आणायला पोस्टात खेपा घालू लागला, आणि येताना मॉरीनच्या घराकडे डोळे वटारून बघू लागला.

गावाची प्राणी-अधिकारी डेनिस अरूडा आली. चांगली बाई. मॉरीनच्या स्वयंपाकघरात तिने कॉफी घेतली आणि मग कप बाजूला सारून बोलली.

"मिसेस गिअरी, तुम्ही त्याला खाऊ घालता ना?"

"थोडंसं."

"ते थोडंसंच त्याच्या जिवावर उठेल. त्याला माणसाची भीती राहिली नाही. आता वसंतात त्याचं डोकं आणखी फिरेल. पुन्हा कुणाला पाडलं, तर मला त्याला मारावं लागेल."

मॉरीनचा चेहरा पांढराफटक पडला. "रानात नेऊन सोडा ना!"

"नाही सोडता येत. तिथल्या लोकांच्या मागे लागेल. ईस्टरपर्यंत बघते मी. दाणे बंद करा, ती गाडी झाका, आणि तो आला की हाकला त्याला. चांगला घाबरवा."

"मी?"

"तुम्हीच. बाकीचे हाकलून काय उपयोग? त्याला तुम्ही आपल्या वाटता."

राखेच्या बुधवारी, उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, मॉरीन चर्चमधून थेट माझ्या दारात आली. कपाळावर राखेचा क्रूस, नाक थंडीने लाल. ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात आमच्याकडे प्रत्येक जण आवडीची एक गोष्ट सोडतो. मी दरवर्षी चॉकलेट सोडते आणि दरवर्षी तोंडघशी पडते.

"यंदा मी बिशपला सोडलं," ती म्हणाली.

आणि तिने सोडलं! मक्याची बादली माझ्या तळघरात आणून ठेवली. सकाळी बिशप पायरीशी येऊन उभा राहायचा, दाराकडे मान लांब करून बघायचा. आत मॉरीन खिडकीकडे पाठ करून रेडिओ मोठ्याने लावून बसायची. हाकलायला मात्र ती काही बाहेर पडली नाही, गाडीही झाकली नाही. "एकदम सगळं नको गं," म्हणायची. मी म्हटलं, असू दे, हळूहळू होईल. पण बिशप हलायचं नाव घेईना. उलट जास्तच माजला. शेजारच्या पोरीला त्याने सायकलवरून उतरायला लावलं. पोट रिकामं असून हा जातो कसा नाही, हेच कळेना.

ते कळलं रविवारी. मी उशिराच्या मिस्सेला निघाले होते. बघते तर मॉरीन बाह्या सरसावून गाडी पुसतेय, आणि पायाशी बिशप मजेत दाणे टिपतोय. म्हणजे बाईने दुसरी पिशवी आणून ठेवली होती!

"मॉरीन!"

ती दचकलीसुद्धा नाही. "आज रविवार आहे," ती म्हणाली. "उपवासकाळात रविवार धरत नाहीत. तूच नाही का रविवारी चॉकलेट खात?"

माझं पित्त खवळलं. "अगं, तो बिशप असेल, पण कॅथलिक नाही! त्याला काय कळतंय रविवार नि सोमवार? त्याला एवढंच कळतं, की आज ना उद्या दार उघडतं! सहा दिवस तो त्या आशेवर उभा राहतो, मॉरीन. तू त्याला मारायला निघालीयस!"

भर रस्त्यात ओरडले मी. शेजारच्या खिडकीतला पडदा हलला. मॉरीन गाडी पुसायचं फडकं हातात गोळा करत राहिली.

"माहितेय मला," ती शेवटी म्हणाली. "मला का माहीत नाही? पण मी त्याला घाबरवलं, तर तो परत यायचा नाही."

"जिवंत तर राहील!"

"हो. जिवंत राहील." तिचे डोळे भरून आले. "सकाळी उठते ना कॉनी, तेव्हा पलंगाची ती बाजू... मग ह्याचा आवाज येतो बाहेरून. कुणीतरी माझी वाट बघत असतं. तेवढ्यासाठी उठते मी."

मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि तिला जवळ धरलं. बिशप आमच्या दोघींभोवती एक फेरी मारून पुन्हा दाण्यांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ वाजला नाही. दार उघडलं आणि मॉरीन बाहेर आली, अंगात लिओचा कोट, हातात लिओची मोठी काळी छत्री. बिशपने तिला पाहिलं आणि आनंदाने पिसारा फुलवला. तिने त्याच्या तोंडासमोर खाडकन छत्री उघडली.

तो हललाच नाही. मान वाकडी करून बघत राहिला, जणू हा काही नवा खेळ आहे.

"जा!" मॉरीन ओरडली. "जा म्हणते ना! काही नाही तुला इथे!" ती पुढे चालत गेली, छत्री मिटत, उघडत, आवाज फाटेपर्यंत ओरडत. "निर्लज्ज मेला! चालता हो!" मी माझ्या पायरीवरून पातेलं बडवायला लागले. तो एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. मग वळून वेडंवाकडं धावत, पंख फडफडवत झाडांकडे पळाला. मॉरीन रस्त्याच्या मधोमध उभी होती.

त्याच दुपारी आम्ही दोघींनी तिच्या लग्नातली जाड रजई गाडीवर टाकली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधली. आरशाजवळची गाठ मारायला मॉरीनला वेळ लागला. मी घाई केली नाही.

मग रोज हेच. तो यायचा, ती हाकलायची, आणि नंतर माझ्याकडे येऊन कॉफी प्यायची. रविवारीसुद्धा. हळूहळू तो पायरीपर्यंत येईनासा झाला, मग कुंपणापर्यंत, मग रस्त्याच्या तिच्या बाजूलाच येईना. ईस्टरच्या आदल्या दिवशी डेनिस आली. पलीकडच्या हिरवळीवर बिशप दोन-तीन माद्यांसमोर मिरवत होता. मॉरीन नुसती दारात येऊन उभी राहिली, छत्रीही नव्हती, तरी तो मान ताठ करून थांबला आणि सगळ्यांना घेऊन झाडांत शिरला.

"शाबास," डेनिस म्हणाली. "सोमवारपासून वेंडेलला पाठवायला सांगते. आता मात्र सैल पडू नका."

ईस्टरच्या सकाळी मी रिकोटा चीजचा केक घेऊन गेले, तर मॉरीन पायरीवर बसलेली. चर्चचे चांगले कपडे, आणि मांडीवर मक्याचा डबा.

"उपवासकाळ संपला, कॉनी," ती म्हणाली.

रस्त्यापलीकडे बिशप एकटाच उभा होता आणि आमच्याकडे बघत होता. त्याने एक पाय पुढे टाकला. मॉरीनने डब्यात हात घातला आणि दाणे बोटांतून गळू दिले, पुन्हा डब्यातच. त्याने आणखी एक पाय पुढे टाकला.

तिने डब्याला झाकण लावलं, तो माझ्या हातात दिला आणि दारामागून छत्री घेतली.

"हॅपी ईस्टर, राजा," ती अगदी हळू म्हणाली, आणि छत्री उघडून त्याच्या अंगावर धावून गेली.

तो जो पळाला, त्याने मागे वळून पाहिलं नाही. मॉरीन परत येऊन पायरीवर बसली. छत्री मिटायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, म्हणून मीही तिच्याशेजारी त्या छत्रीखाली बसले, आणि आम्ही दोघींनी तो केक हातानेच तोडून खाल्ला.