गिरिजम्माचे तीन आठवडे

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात चंद्रकलाच्या टेबलावर अकरा डबे परत आले, आणि अकराही डब्यांच्या बटणावर कुंकू होतं.

डबे म्हणजे लसींच्या फ्रिजचं तापमान दर दोन मिनिटांनी टिपून ठेवणारी यंत्रं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात बनायची आणि राज्यभरच्या आरोग्य केंद्रांच्या भिंतीवर जायची.

"अक्का, यांना दृष्ट लागली बघा," शेजारचा योगानंद म्हणाला.

"दृष्ट कसली! पूजा लागली."

आयुधपूजेला चालू मशीनची पूजा कोण करतं? लेथ बंद, बस बंद, रिक्षा बंद. आधी विसावा, मग हळदकुंकू. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातही त्या दिवशी मेन स्विच ओढून दारात कोहळा फोडला होता. नर्सबायांनीही तेच केलं. वीज गेली तर आतला सेल डब्याला सांभाळून घेई. पण बटण दाबलं की सेलही तुटे. ते बटण वर्षभर कुणी दाबत नसे. चाचणीतही कुणी दाबलं नाही, कारण चाचणी दसऱ्याला नव्हती.

तीन वर्षांपूर्वी डब्याची फाइल सिस्टीम निवडायची होती, तेव्हा चंद्रकला मालकांशी, केशवमूर्तींशी, दोन दिवस भांडली होती. जुनी पद्धत आपली अनुक्रमणिका जागच्या जागी खोडून लिहिते. लिहिता लिहिता जीव गेला तर पानं तशीच राहतात, पण कुठलं पान कुठे ते कळत नाही. नवी पद्धत कोऱ्या जागी आधी सगळं लिहून घेते, पुरं झालं की मगच जुनं सोडते. शहाण्या बाईने नवी नोकरी हातात आल्यावर जुनी सोडावी, तसं.

"पण नवीचं मेमरी कार्ड तपासणीच्या साहेबांच्या लॅपटॉपवर उघडतं का?" केशवमूर्तींनी विचारलं होतं.

"नाही सर. छोटा प्रोग्राम द्यावा लागेल."

"साहेब प्रोग्राम टाकून घेणार? अहो, त्यांना चष्मा सापडत नाही!"

सगळे हसले, तीही हसली. जुनीच पद्धत ठरली, आणि निवडीच्या कागदावर सही तिचीच होती. वर तिनेच सोय केली होती, की अनुक्रमणिका वाचता आली नाही तर डब्याने कार्ड कोरं समजून नव्याने सुरुवात करावी. डबा बंद पडायला नको, एवढाच हेतू.

दहा डब्यांचं कुणी फार मनावर घेतलं नाही. अकरावा सकलेशपूरकडच्या एका केंद्रातला, आणि त्याच्याबरोबर जिल्हा आरोग्य कार्यालयाचं पत्र. तपासणीला आलेल्या साहेबांना कार्डावर पूजेच्या आधीचं काहीच सापडलं नाही. फ्रिज बंद राहिला असणार आणि ते लपवायला नर्सने नोंदी पुसल्या असणार, असा संशय होता. लसी फेकून दिल्या होत्या. कंत्राटी नर्स गिरिजम्मा, नोकरी चौदा वर्षं, हिने नोंदी पुसल्या की नाही, ते कंपनीने कळवावं.

चंद्रकलाने कार्ड उघडलं. अनुक्रमणिका कोरी होती, पण खालची पानं बहुतेक जिवंत होती. चार दिवस बसून तिने ती एकेक करून लावली. तीन आठवडे. चार पूर्णांक एक, चार पूर्णांक तीन, चार पूर्णांक दोन. बाईने फ्रिज लेकरासारखा जपला होता.

"छान काम केलंत," केशवमूर्ती कागद बघून म्हणाले. "आता फाडून टाका."

"सर, तिची नोकरी जाईल."

"आणि हे पाठवलं तर चाळीस जणांची जाईल. नोंदी सापडल्या म्हणजे त्या आपल्या डब्याने हरवल्या, असंच ना? 'वापरणाऱ्याने यंत्र बंद केले' एवढंच लिहा. खोटं आहे का त्यात?"

खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत. चंद्रकलाने ते वाक्य लिहिलं. मग त्याखाली बाकीचंही लिहिलं, जुन्या पद्धतीचं, स्वतःच्या सहीचं, आणि तीन आठवड्यांचे आकडे जोडून जिल्ह्याला पाठवून दिलं. केशवमूर्ती तिच्याशी बोलायचे थांबले. नव्या डब्यात मात्र नवी पद्धत घ्या, असा निरोप योगानंदाकरवी आला.

पंधरा दिवसांनी फोन वाजला.

"मेडम, मी गिरिजम्मा. तुमचे कागद पोचले हो. नोंदी मी पुसल्या नाहीत, असं साहेबांनी मान्य केलं."

"मग? परत कामावर घेतलं?"

"नाही. मशीन विचारल्याशिवाय बंद केलं, हे मीच लिहून दिलंय ना त्यांना. त्यांनी विचारलं, बंद केलंस का? मी म्हटलं, केलं. पूजा करायची तर करावंच लागतं. नवी मुलगी आली पण. गुणाची आहे."

"चूक आमची होती, सिस्टर. माझी."

"अय्यो, तुम्ही कशाला! मीच तुमचं मशीन बिघडवलं. मेडम, ते आकडे आहेत तुमच्याजवळ? कागद मला दाखवला नाही कुणी. सोळा तारखेचं सांगा ना. त्या दिवशी दिवसभर वीज नव्हती. मी शेजारच्या केंद्रातून बर्फ आणून लावला होता."

चंद्रकलाने पान काढलं. "दुपारी तीनला सहा पूर्णांक आठ. त्याच्यावर गेलंच नाही. आठपर्यंत चालतं."

"माहीत होतं मला," गिरिजम्मा म्हणाली.